ओली रिबीन

धोंडाबाईच्या हातच्या वेणीला पंचवटीत तोड नव्हती. हे कुणीही सांगितलं असतं, आणि कुणी नाही सांगितलं तर ती स्वतः सांगायची. मखमलाबादच्या शिवारात त्यांचा मळा. नवरा सावळीराम आणि मुलगा जीवन पहाटे फुलांचे करंडे बाजारात पोचवायचे, आणि दुपार कलली की धोंडाबाई रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला आपली टोपली घेऊन बसायची. केळीच्या खोडाचं धाग्यासारखं सोपट पाण्यात भिजवायचं, ओलं असतानाच मोगरा, अबोली, मरवा गुंफत जायचं आणि शेवटी एकच गाठ. सोपट वाळलं की गाठ अशी आवळायची, की बाई फुगड्या घालून दमली तरी केसांतलं फूल जागचं हलायचं नाही.

"कोरड्या दोऱ्याची गाठ आणि कोरड्या तोंडाचा पाहुणचार, दोन्ही टिकत नाय," असं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची. गिऱ्हाईक वेणी घ्यायला आलेलं असायचं, पण ऐकून घ्यावं लागायचं.

साऱ्या गावाच्या डोक्यात वेण्या घालणाऱ्या या बाईची स्वतःची लेक मात्र बिनवेणीची होती. देव कधी कधी चेष्टा करतो ना, ती अशी करतो.

झालं होतं असं. आदल्या वर्षी भाद्रपदात मनीषाला टायफॉईड झाला. पोरगी वाचली. सगळ्यांनी हुश्श केलं. दसऱ्याच्या सुमारास, झेंडूची धांदल चालू असताना, धोंडाबाईने तिला तेल लावायला पुढ्यात बसवलं. कंबरेपर्यंत केस पोरीचे, काळेभोर. फणी घातली, ओढली, आणि फणीबरोबर केसांचा पुंजका हातात आला. पुन्हा घातली, पुन्हा आला. तापानंतर केस जातात, परत येतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण सांगून उपयोग काय? धोंडाबाईच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की केस तिच्या हातात आले. दिवाळीपर्यंत टाळू दिसायला लागली, तेव्हा फकिरा न्हाव्याने येऊन उरलेले केस पोरासारखे बारीक करून टाकले.

त्या दिवसापासून धोंडाबाई मनीषाला जेवू घालायची, न्हाऊ घालायची, तिच्यासाठी वाटीत साय काढून ठेवायची. पण तिच्या डोक्याला हात लावायची वेळ आली की तिला नेमकं चुलीवरचं दूध आठवायचं. आपला हातच वाईट, हे तिच्या मनाने घेतलं होतं, आणि ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. एरवी काडीएवढी गोष्ट असली तर चार आळ्यांना ऐकू जायची तिची, आणि ही एवढी मोठी गोष्ट मात्र गिळून बसली.

मनीषाला पोरी "ए बाळ्या" म्हणायला लागल्या. चौथीतली पोर ती. एक दिवस रडत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी दप्तरच उचलेना. गुरुजी भले, त्यांनी परीक्षेला तेवढं बोलावून वर घातली. आता जूनमध्ये पाचवी, म्हणजे मोठी शाळा, नव्या पोरी. शाळेचा नियम असा की केस लाल रिबिनीने बांधलेले हवेत.

"नाय जायचं मला," मनीषा म्हणाली.

सावळीराम काही दुष्ट बाप नव्हता, पण दमलेला होता. तो म्हणाला, "आता एवढी खेप बघू. नाय रमली तर राहू दे. आईसंगं टोपलीवर बसंल, हात चालतो तिचा."

हे धोंडाबाईला नकोच होतं. ती स्वतः तिसरीतून उठून सोपटाला बसली होती. बसच्या पाट्या तिला अजून दुसऱ्याला विचाराव्या लागत. पोरीने टोपलीवर बसू नये, एवढं एकच मागणं तिने देवाकडे मागितलं होतं, आणि आता ते केसांवर येऊन अडलं होतं.

आणि अशात वैशाखात घरात सून आली.

सुवर्णा ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यात, राहायला कॉलनीत. बारावी झालेली, बोलायला मऊ, चालायला भराभर. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, आणि डब्यात काय? तर रिबिनी! सॅटिनच्या, जाळीच्या, काठाला जर असलेल्या, बोटाएवढ्या रुंद, काडीएवढ्या बारीक.

"संसार मांडायला आली का जत्रेत दुकान मांडायला?" धोंडाबाई म्हणाली. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात दोन शब्द ऐकवले नाहीत तर सासू म्हणून नाव काय राहणार?

सुवर्णा हसली. हळद उतरली तशी ती केस वर घेऊन रबर लावून, त्याला निळी रिबीन बांधून कामाला लागली. पदराखालून ते केस चालताना डुलायचे.

"ही काय घोड्याची शेपटी?"

"पोनी म्हणतात तिला, आत्याबाई."

"पोनी म्हण नाहीतर रानी म्हण. घोड्याच्या मागं लटकते ती शेपटीच."

जीवन भाकरी खाता खाता खुदकन हसला. आईने असे डोळे वटारले की त्याला ठसका लागला.

पण शाळा उघडायच्या आदल्या दिवशी काय झालं ते ऐका. मनीषा माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुवर्णा तिच्याजवळ जाऊन बसली. शाळेचं नाव काढलं नाही, केसांचं तर नाहीच. डबा उघडला आणि रिबिनी जमिनीवर पसरल्या. "यातली तुला कुठली आवडते गं? मला ठरवता येईना." एवढंच. पोर ती पोर. थोड्या वेळाने भिंतीकडचं तोंड इकडे वळलं.

धोंडाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ कधीच निवडून झाले होते. ती निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

केस आता मानेपर्यंत आले होते, पण आडवेतिडवे, कुठे लांब कुठे आखूड. सुवर्णाने आधी हात पाण्याने ओला केला आणि नुसत्या बोटांनी केस मागे घेतले. फणी नंतर, तीही टोकाकडून, जणू पोर झोपलीय आणि जागी होता कामा नये. पुढचे आखूड केस चापाखाली गेले. उरलेले तिने डोक्यावर उंच गोळा केले, रबराचे वेढे दिले. शेंडी म्हणावी एवढीच पोनी झाली, खारीच्या शेपटाएवढी. धोंडाबाईचा जीव थोडा थोडा झाला. हे घालून पोर शाळेत गेली तर उद्यापासून "बाळ्या"च्या जागी "शेंडी" म्हणतील.

पण सुवर्णाचं कुठे झालं होतं! तिने लाल सॅटिनचे चार पट्टे कापले. टोकं तिरकी कापली आणि काडी ओढून त्यांना आच दाखवली.

"अगं ए! पेटवते का पोरीचं डोकं?" धोंडाबाईच्या सुपातले तांदूळ उडाले.

"डोक्यापासून लांब आहे, आत्याबाई. टोक जाळलं नाही तर दोरे सुटतात."

मग तिची बोटं चालायला लागली. एक पट्टा घडी घालत गेली, घडीवर घडी, मधोमध चिमटीत धरून फिरवली, आणि बघता बघता तिथे फूल उभं राहिलं. टपोरं, भरलेलं, प्रत्येक पाकळी दुसरीच्या खांद्याला खांदा लावून. ते पोनीच्या बुडाशी बसलं आणि रबर दिसेनासं झालं. फुलाखालून तीन पदर सोडले आणि त्या तीन पदरांचीच तिने वेणी घातली, केसांची नव्हे, रिबिनींची, अशी की पोनीचे आखूड केस तिच्यात कुठे मिसळले ते कळेना. वेणी पाठीवर आली. लालभडक, सरळ, खाली झुपका.

धोंडाबाई बघतच राहिली. आयुष्य फुलं गुंफण्यात गेलेलं, त्यामुळे हात कुठला खरा आणि कुठला नुसता मिरवणारा हे तिला लगेच कळायचं. हा हात खरा होता. एक बोट फुकट हलत नव्हतं, आणि कुठे घट्ट करायचं, कुठे सैल सोडायचं, हे न बघता समजत होतं. आपल्या आईनंतर असा हात आपण पाहिला नाही, असं तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तोंडाने मात्र ती म्हणाली, "शेपटी ती शेपटीच. पण बरी हाय."

सुवर्णाला कळायचं ते कळलं. मनीषा आरशासमोर गेली. मान इकडे केली, तिकडे केली. मग आरसा घेऊन अंगणात गेली, उजेडात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.

त्यानंतर रोज सकाळी माजघरात हा सोहळा चालायचा. कधी फूल, कधी फुलपाखरू, कधी एकात एक अडकवलेली दोन कडी. लाल रंगाचं बंधन होतं, पण त्या एका रंगात सुवर्णा जे करायची ते दुसऱ्याला सात रंगांत जमलं नसतं. शेजारच्या पोरी दारात येऊन उभ्या राहायला लागल्या. "मनीषा, तुझ्या वहिनीला सांग ना." जिला बाळ्या म्हणत होते तिच्या आता मिनत्या होत होत्या! धोंडाबाई बाजारात टोपलीवर बसून हे सगळं सांगायची, आणि सांगताना "आमची सुवर्णा" म्हणायची. घरी अर्थात म्हणायची नाही. लाडावली असती ना.

एवढं सुरळीत चाललं होतं आणि आखाड लागला.

आखाडात नव्या नवरीने सासूचं तोंड बघायचं नसतं. सुवर्णाचा भाऊ ओझरहून न्यायला आला. मनीषा दाराआड उभी. "वहिनी नाय तर शाळा नाय," म्हणाली आणि आत निघून गेली. सावळीरामाने टोपलीकडे पाहिलं.

धोंडाबाईने सुनेला अंगणात गाठलं. "अगं, चार दिवस उशिरा गेली तर काय आभाळ कोसळतं? मी तोंडावर पदर घेऊन फिरते घरात."

"भाऊ आलाय, आत्याबाई. आईने पुरण घातलं असेल." सुवर्णा तिच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बांधा ना. तुम्ही रोज बघता उंबऱ्यातून. वेणी बांधणाऱ्या हाताला काय अवघड?"

"मी? मी कशाला बघू? मी तांदूळ निवडत होते," धोंडाबाई म्हणाली. मग तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले. "माझ्या हाताला नको सांगू, पोरी. दुसरं काहीही सांग."

सुवर्णाला त्यातलं पुरतं उमगलं नाही, पण तिने रिबिनींचा डबा सासूच्या हातात ठेवला आणि ती गेली.

शनिवार होता. सोमवारी शाळा. रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर धोंडाबाई डबा घेऊन गोठ्यात गेली. आता हात कुठे बसवायचा? घोड्याची शेपटी तर घरात नव्हती, गाईची होती. तांबू गाय गरीब, तिने शेपटीचा गोंडा सासूबाईंच्या स्वाधीन केला. पहिलं फूल झालं ते वांग्यासारखं. दुसरं सुटलं. तिसऱ्या वेळी तांबूने माशी उडवली आणि रिबीन धोंडाबाईच्या गालावर बसली. "हाण मेले, तूपण हाण," म्हणत तिने पुन्हा सुरुवात केली. पण फुलं ओळखणारा हात तो. ऊन उतरेपर्यंत गाईच्या शेपटीवर एक टपोरं लाल फूल बसलं होतं, खाली तीन पदरांची वेणी. धोंडाबाई दोन पावलं मागे सरली आणि स्वतःशीच म्हणाली, "वा गं धोंडे."

"अगं, पोळ्याला अजून दोन महिने हायेत ना?" मागून सावळीराम म्हणाला.

"माश्या बसत नाय लाल रंगावर," धोंडाबाईने ठोकून दिलं. सावळीरामाने गाईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि शहाण्या नवऱ्यासारखा निघून गेला.

आता गाईची रिबीन काही पोरीला बांधता येत नाही, आणि डब्यातली बाकीची लाल संपत आलेली. धोंडाबाई संध्याकाळी बाजारातून नवी घेऊन आली. हातगाडीवरची, पण काय तिचा रंग! जास्वंदीने मान खाली घालावी असा.

सोमवारी सकाळी मनीषा पांघरूण घेऊन पडलेली होती. धोंडाबाई तिच्या उशाशी जाऊन बसली. "ऊठ. मी बांधते."

पांघरुणातून डोकं बाहेर आलं. पोरीने आईकडे असं पाहिलं, की धोंडाबाईला तिच्या नजरेला नजर देववेना. पण मनीषा उठली, गणवेश घातला आणि आईच्या पुढ्यात पाठ करून बसली.

आणि धोंडाबाईचा हात हवेत थांबला. ते डोकं पुढे होतं, लहानसं, मानेवर पन्हळ. फणी हातात. पुन्हा पुंजका आला तर? बाहेर तांबू हंबरली. धोंडाबाईने फणी खाली ठेवली, तळहात पाण्यात बुडवला आणि पोरीच्या डोक्यावरून फिरवला. एक केस हाती आला नाही. पुन्हा फिरवला. केस मऊ होते, दाट होते, नव्या जावळासारखे. तिने टोकाकडून फणी घातली. फणी रिकामी बाहेर आली.

मग धोंडाबाईच्या हातात जोर आला. रबर बसलं, पोनी उभी राहिली. आता रिबीन. आणि इथेच घात झाला. हात वळणावर आला की डोक्याला विचारत नाही. तीस वर्षं जे केलं तेच हाताने केलं: रिबीन उचलली, तांब्यातल्या पाण्यात बुडवली, दोन बोटांत निपटली आणि गाठ मारली. ओल्याची गाठ ती. फूल असं बसलं की सुवर्णाचंही तसं बसलं नसतं. पदरांची वेणी घालून धोंडाबाई मागे सरकली आणि बघते तो काय!

लाल पाणी मनीषाच्या कानामागून उतरत होतं. एक ओघळ मानेवर, एक कानाच्या पाळीवर, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर हा एवढा डाग पसरत चाललेला. रंग कच्चा निघाला होता. धोंडाबाईचे दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

"अगं बाई गं! हात दाखवून अवलक्षण! माझा हातच मेला असला!" ती फूल सोडायला धावली. "थांब, सोडते. पुसते. नको जाऊ आज. मी सांगते तुझ्या बापाला, माझ्यामुळं राहिली म्हणून."

मनीषाने दोन्ही हातांनी फूल झाकून धरलं. "सोडू नको."

"अगं, पोरी हसतील तुला!"

"हसतील त्यांचे दात दिसतील," मनीषा म्हणाली. हे धोंडाबाईचंच वाक्य, बाजारात रोज वापरायची. मग पोर वळली. "आई, तुला माझ्या डोक्याची किळस येते ना? म्हणून तू हात लावत नव्हतीस ना इतके दिवस?"

धोंडाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. एवढे महिने पोरीने हे मनात धरून ठेवलं, आणि आपण चुलीवरच्या दुधाकडे बघत बसलो! "किळस? अगं माझे सोने," ती म्हणाली आणि पुढचं सगळं रडण्यात आलं. "भीती वाटायची गं. माझ्या हातात आले होते ना केस. मला वाटलं, माझ्याच हातानं जातात. पुन्हा हात लावला तर पुन्हा जातील."

"माझे केस तापाने गेले होते, आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस का?" मनीषा एखाद्या मोठ्या बाईसारखी म्हणाली.

"नाय ऐकलं," धोंडाबाई म्हणाली. "मी कुणाचं ऐकते का कधी?"

यावर दोघींना हसू आलं. धोंडाबाईने कॉलर पाण्याने चोळली, तशी ती गुलाबी झाली, आणि जास्त चोळल्यावर जास्त गुलाबी झाली. मनीषाने आरशात पाहिलं, कानामागचा लाल ओघळ पुसला, आणि दप्तर उचललं. सावळीराम अंगणात उभा होता. त्याने लेकीची लाल मान पाहिली, बायकोचे लाल हात पाहिले, आणि वाटेत ठेवलेली टोपली उचलून पोरीची वाट मोकळी केली. मनीषा फाटकातून बाहेर पडली. पाठीवर लाल वेणी, डोक्यावर फूल, आणि ताठ मान.

दुपारनंतर धोंडाबाई नेहमीच्या जागी टोपली घेऊन बसली. सोपट भिजवलं, मोगरा घेतला. हात धुतले होते, पण रंग काही सुटला नव्हता. पांढऱ्या फुलांत ते लाल तळवे लांबून दिसत होते. रोजची एक गिऱ्हाईक बाई वेणी घेता घेता थांबली.

"मावशी, हात कशाने रंगले? घरात लग्नकार्य काढलं की काय?"

"लगीन नाय," धोंडाबाई म्हणाली. तिने दोन्ही तळवे उलगडून त्या बाईपुढे धरले. "लेकीची पोनी बांधली."